बी.एड. की समाजकार्य? बडोद्यातील दोन पदव्यांचा अभ्यास कसा असतो

पदवीचा निकाल हाती आला की बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा भागांतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. माणसांत राहून काम करायला ज्याला मनापासून आवडते, त्याने बी.एड. करावे की एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी? दोन्ही पदव्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. शिक्षक काय करतो हे प्रत्येकाने पाहिलेले असते आणि समाजकार्य म्हणजे काहीतरी सेवाभावी काम असणार, असा एक अंदाज असतो. पण त्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला नेमके काय करावे लागते, कायदा कोणत्या कामासाठी कोणती पदवी मागतो आणि महाविद्यालय निवडताना काय पाहावे, याची उत्तरे घरात मिळत नाहीत आणि माहितीपत्रकांतूनही क्वचितच मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. विद्यार्थी प्रत्यक्ष माणसांसमोर काम करतो, एखादी अनुभवी व्यक्ती ते काम पाहते किंवा त्याची लेखी नोंद वाचते, त्यात काय राहिले ते सांगते आणि विद्यार्थी तेच काम पुन्हा करतो. या दोन्ही पदव्यांचा गाभा हा आहे. मानसशास्त्र, शिक्षणाचे तत्त्वज्ञान, समाजरचनेचा अभ्यास, कायदे हे विषय त्या कामाला आधार म्हणून शिकवले जातात. ज्या महाविद्यालयात ही देखरेख होत नाही, तिथल्या विद्यार्थ्याने पुस्तके घरी बसून वाचली असती तरी फारसे बिघडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्याला या दोन्ही शिक्षणांची जुनी परंपरा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. सगळी मुले शाळेत आणायची म्हटले की शिकवणारी माणसे घडवावी लागतात, आणि मूल शाळेत का येत नाही याचा शोध त्याच्या घरापर्यंत जाऊन घ्यावा लागतो. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि शिक्षण व मानसशास्त्र, समाजकार्य आणि गृहविज्ञान या तिन्ही विद्याशाखा या विद्यापीठात अगदी सुरुवातीच्या काळापासून आहेत. गृहविज्ञान शाखेचे नाव आता कुटुंब व समुदाय विज्ञान असे आहे. बालविकास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना लहान मुलांचे निरीक्षण करता यावे म्हणून तिची चेतन बालवाडी चालते. एकाच गावात, एकाच विद्यापीठात शिक्षक, समाजकार्यकर्ता आणि बालविकासाचा अभ्यासक या तिघांच्या शिक्षणाची सोय असणे ही बडोदेकरांना सवयीची गोष्ट वाटते, पण अनेक शहरांतल्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही.

बी.एड.च्या दोन वर्षांत काय घडते

शिक्षकांच्या शिक्षणाचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेला सगळे एन.सी.टी.ई. म्हणतात. पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक-शिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवल्यानंतर २०१४ चे नवे नियम आले आणि २०१५ पासून ही पदवी दोन वर्षांची झाली. प्रवेशासाठी पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात. विज्ञान व गणित हे विशेष विषय असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के लागतात, आणि राखीव प्रवर्गांना नियमांप्रमाणे सवलत असते.

वाढलेले वर्ष कशासाठी दिले, हे पालकांनी मुद्दाम समजून घ्यावे. नियमांनुसार दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे विद्यार्थ्याने शाळेशी जोडलेल्या कामात घालवायचे असतात, आणि त्यांपैकी किमान १६ आठवडे दुसऱ्या वर्षातल्या छात्रसेवाकालाचे, म्हणजे सर्वजण ज्याला इंटर्नशिप म्हणतात त्याचे, असतात. अभ्यासक्रमाच्या तासांना ८० टक्के हजेरी लागते, तर छात्रसेवाकालाला ९० टक्के. शाळेतील हजेरीची अट वर्गातील हजेरीपेक्षा कडक ठेवण्यामागे विचार आहे, आणि ‘हजेरीचे आम्ही बघून घेऊ’ असे सांगणारे महाविद्यालय नेमका तोच भाग विद्यार्थ्याकडून काढून घेत असते.

मुलांसमोर उभे राहण्याआधी सूक्ष्म अध्यापनाचा टप्पा येतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात विकसित झालेली ही पद्धत भारतीय परिस्थितीत बसवण्याच्या कामात १९७० च्या दशकात बडोद्याच्या शिक्षणशास्त्र केंद्राचाही वाटा होता. तिची भारतीय रचना ३६ मिनिटांची आहे: ६ मिनिटे शिकवायचे, ६ मिनिटे सहाध्यायी आणि प्राध्यापकांचे अभिप्राय ऐकायचे, १२ मिनिटांत पाठ नव्याने आखायचा, ६ मिनिटे पुन्हा शिकवायचे आणि ६ मिनिटे पुन्हा अभिप्राय ऐकायचे. एका वेळी एकच कौशल्य सरावायचे असते, मग ते प्रश्न विचारणे असेल, उदाहरण देणे असेल किंवा फळ्याचा वापर असेल. नंतर ही सुटी कौशल्ये जोडणारे सेतू पाठ होतात आणि मग शाळेतले सराव पाठ. प्रत्येक पाठाचे टाचण, म्हणजे तो कसा घ्यायचा याचा लेखी आराखडा, आधी लिहून तपासून घ्यावे लागते. टाचणाच्या वह्या हा बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीचा मोठा विषय असतो, आणि जुन्या वह्या उतरवून काढण्याची पळवाटही सर्वांना ठाऊक असते. तिच्यामुळे होणारे नुकसान वर्गात पाय ठेवल्याबरोबर दिसते.

एक उदाहरण जवळून पाहू. सहावीच्या वर्गात छात्राध्यापिका अपूर्णांकांची तुलना शिकवते आहे. तिने फळ्यावर एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश लिहिले, तृतीयांश मोठा असे सांगितले, दोन आकृत्या काढल्या आणि वर्गाला विचारले, ‘समजले का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला. ती पुढच्या मुद्द्याकडे वळली. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी पाठ संपल्यावर तिला एवढेच विचारले की, चार हा आकडा तीनपेक्षा मोठा असताना चतुर्थांश लहान कसा, हा प्रश्न किती मुलांच्या मनात आला असेल, आणि तो बाहेर यावा यासाठी तुम्ही काय केलेत? टाचणात ‘मूल्यमापन: विद्यार्थ्यांना प्रश्न विचारणे’ असे लिहिलेले होते आणि प्रश्न तर विचारला गेला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीवर तिने तोच पाठ घेताना आकृती काढण्याआधी मुलांना हात वर करून मत द्यायला लावले. अर्ध्याहून अधिक वर्गाने चतुर्थांश मोठा मानला, आणि मग जी चर्चा झाली ती कोणत्याही टाचणात आधी लिहून ठेवता आली नसती. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर कोणी नसते, तर ती विद्यार्थिनी वर्षानुवर्षे ‘समजले का?’ विचारत राहिली असती आणि वर्गही ‘हो’ म्हणत राहिला असता.

पदवी एक, दारे अनेक

बी.एड. झाले की कोणत्याही इयत्तेला शिकवता येते, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. प्रत्यक्षात इयत्तेनुसार पात्रता बदलते. पहिली ते पाचवीसाठी प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. गुजरातमध्ये तिला जुने लोक पी.टी.सी. म्हणतात आणि आता ती डी.एल.एड. म्हणून ओळखली जाते. २०१८ च्या एका अधिसूचनेने बी.एड.धारकांनाही या इयत्तांचे दार उघडले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते बंद केले, कारण लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असून बी.एड.मध्ये त्याचे शिक्षण मिळत नाही. ज्यांना धाकट्या मुलांना शिकवायची ओढ आहे त्यांनी बी.एड.कडे जाण्याआधी हा निकाल ध्यानात घ्यावा. सहावी ते आठवीसाठी पदवीधर बी.एड.धारक चालतात. नववी-दहावीला विषयाची पदवी व बी.एड. आणि अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी व बी.एड. लागते.

पदवीनंतर पात्रता परीक्षाही असते. शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक ठरली. गुजरातमध्ये प्राथमिकसाठी टीईटी-१, उच्च प्राथमिकसाठी टीईटी-२ आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकसाठी टाट अशी परीक्षांची रचना आहे. केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळांसाठी सीटीईटी ही केंद्रीय पात्रता परीक्षा असते. तिचा प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे, ती केवळ अर्ज करण्याची पात्रता आहे. भरतीची जाहिरात वेगळी निघते आणि तिची वाट पाहावी लागते. विद्यासहायक म्हणून सरकारी प्राथमिक शाळेत रुजू होणाऱ्याला सुरुवातीची काही वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात, हेही घराचा हिशेब मांडताना धरावे.

बारावीनंतरच शिक्षक व्हायचे ठरले असेल, तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. त्यात विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र मिळते आणि एक वर्ष वाचते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत हीच शिक्षकाची किमान पदवी व्हावी असे म्हटले आहे. २०२३ पासून निवडक संस्थांत हा अभ्यासक्रम सुरू झाला असून त्याची प्रवेश परीक्षा देशपातळीवर होते. ती मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांतून देता येते. ज्यांची पदवी आधीच झाली आहे त्यांना दोन वर्षांचे बी.एड. राहणारच आहे, तेव्हा ‘बी.एड. बंद होणार’ या कुजबुजीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

दिव्यांग मुलांना शिकवण्याचे शिक्षण हा वेगळा रस्ता आहे. तिथे १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते, आणि पदवीनंतर परिषदेकडे स्वतःची नोंदणी केल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे आणि त्यापुढच्या स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. या शिक्षकांची गरज मोठी आहे आणि मराठी घरांतून या वाटेची चौकशी फारच कमी होते, याची मला खंत वाटते.

समाजकार्याची पदवी

एम.एस.डब्ल्यू.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू.ही करता येते. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सुरू झाले, आणि विद्यापीठाच्या चौकटीत हे शिक्षण आणणाऱ्या सुरुवातीच्या ठिकाणांत बडोदे येते. या शिक्षणाला एन.सी.टी.ई.सारखी देशव्यापी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे एका महाविद्यालयातले एम.एस.डब्ल्यू. आणि दुसऱ्या महाविद्यालयातले एम.एस.डब्ल्यू. यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते, आणि चौकशीची जबाबदारी विद्यार्थ्यावरच येऊन पडते.

या शास्त्राच्या सहा पद्धती शिकवल्या जातात. एका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबरचे व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि वस्तीपातळीवरचे समुदाय संघटन या तीन मुख्य. त्यांच्या जोडीला संस्थांचे प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती. नावे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. खरे शिक्षण क्षेत्रकार्यात होते. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात, शाळेत, वस्तीत, बालगृहात, स्वयंसेवी संस्थेत किंवा कंपनीच्या समाजविकास विभागात काम करतो. शिवाय ग्रामीण शिबिर असते, आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस एकाच संस्थेत सलग काही आठवडे राहून काम करण्याची ब्लॉक प्लेसमेंट असते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमून दिलेला असतो. त्याच्याबरोबर दर आठवड्याला बसून झालेल्या कामाची चर्चा करायची असते.

त्या चर्चेचा कच्चा माल म्हणजे विद्यार्थ्याची नोंदवही. एखाद्या विद्यार्थ्याला सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी पाठवले जाते. परत आल्यावर तो लिहितो, ‘आई मुलाकडे दुर्लक्ष करते. घर अस्वच्छ आहे. तिला शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगितले.’ मार्गदर्शक ‘दुर्लक्ष’ या शब्दाखाली रेघ मारतात आणि विचारतात, तुम्ही काय पाहिलेत? विद्यार्थी आठवून सांगतो की आई दारात बसून दुसऱ्याच्या कपड्यांना बटणे लावत होती, बोलताना तिने हातातले काम थांबवले नाही, आणि धाकट्या मुलीला थोरला भाऊ सांभाळत होता. मग तसे लिहा, असे मार्गदर्शक सांगतात. नोंद पुन्हा लिहिली जाते आणि तिच्यातून वेगळेच प्रश्न उभे राहतात. बटणे लावण्याचे काम नगावर आहे का? धाकटीला अंगणवाडीत का घातलेले नाही? मुलगा घरी राहतो तो बहिणीला सांभाळण्यासाठी का? पहिल्या नोंदीवरून आईला उपदेश करण्यापलीकडे काही करता येत नव्हते. दुसऱ्या नोंदीवरून अंगणवाडीतला प्रवेश, शाळेशी बोलणे आणि आईच्या मजुरीची चौकशी अशी तीन कामे हाती येतात.

पाहिलेले आणि वाटलेले यांतला फरक लेखणीतून सांभाळण्याची ही सवय पुढे कायद्याच्या कामात लागते. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मुलाचे घर, शाळा, संगत, गुन्ह्यापर्यंत पोहोचण्याची परिस्थिती हे सारे त्या अहवालात येते आणि मंडळाचा निर्णय त्याच्या आधारे होतो. तिथे ‘मुलगा उनाड आहे’ असे एक वाक्य न तपासता लिहिले गेले, तर एका मुलाचे पुढचे आयुष्य त्या वाक्याखाली दबू शकते. म्हणून नोंदवहीवरची रेघ मला शेरेबाजी वाटत नाही. ती या पदवीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

कामाच्या संधी अनेक ठिकाणी आहेत, पण शिक्षकासारखी एकच ठळक भरती नसते, हे आधी कळलेले बरे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, रुग्णालयांचे समाजसेवा विभाग, कौटुंबिक समुपदेशन केंद्रे, महिलांसाठीच्या सखी केंद्रांसारख्या योजना, स्वयंसेवी संस्था ही नेहमीची क्षेत्रे. गुजरातमध्ये ‘१८१ अभयम’ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि तिच्या गाडीबरोबर समुपदेशक जाते. बडोद्यासारख्या कारखान्यांच्या गावात कामगार कल्याण अधिकारी हे एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांचे जुने पद. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ते बंधनकारक केले होते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावल्यापासून कंपन्यांचे सीएसआर विभागही या पदवीधरांना घेऊ लागले. मनोरुग्णालयात मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करायचे असेल तर एम.एस.डब्ल्यू. पुरत नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्यापुढचे, रुग्णसेवेच्या देखरेखीखालील दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण मागतो. हे शिक्षण ज्या पदवीतून मिळत असे ती एम.फिल. सर्वसाधारणपणे बंद झाल्यामुळे या शिक्षणाची रचना बदलत आहे, तेव्हा या वाटेने जाणाऱ्याने प्रवेशाच्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत. यांतली बरीच पदे करारावरची असतात. सुरुवातीचा पगार पाहून पालकांचा चेहरा उतरतो आणि त्यांची काळजी खोटी नसते, परंतु ‘सेवेचेच काम आहे, पगार कशाला पाहायचा’ असे मुलांना सांगणेही योग्य नाही. हे कौशल्याचे काम आहे आणि त्याचा मोबदला मागण्यात कमीपणा नाही.

भाषेची तयारी

बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्यासाठी यात एक खास अडचण आहे. घरात मराठी, विद्यापीठात बहुतांशी इंग्रजी, आणि शाळेत किंवा वस्तीत गुजराती अशा तीन भाषांत त्याला एकाच दिवशी वावरावे लागते. गुजराती बोलणे कोणालाच जड जात नाही, कारण गल्लीतल्या खेळापासून भाजीबाजारापर्यंत तीच कानावर असते. पण ज्यांचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले त्यांना फळ्यावर शुद्ध गुजराती लिहिताना घाम फुटतो. ह्रस्व-दीर्घाची चूक पाचव्या रांगेतला मुलगा लगेच पकडतो, आणि एकदा वर्ग हसला की नवख्या शिक्षकाचा धीर सुटतो. गुजराती माध्यमाच्या शाळेत सराव पाठ घ्यायचे असतील तर प्रवेशाआधीच्या सुट्टीत त्या विषयाची पाचवी ते आठवीची गुजराती पाठ्यपुस्तके रोज थोडी वाचावीत आणि त्यांतली वाक्ये हाताने लिहावीत. पारिभाषिक शब्द त्यातच बसतात.

समाजकार्याच्या विद्यार्थ्याला याहून वेगळी तयारी लागते. शहराच्या वस्त्यांत हिंदी आणि गुजराती मिसळून बोलली जाते, मराठवाडा किंवा खानदेशातून आलेल्या मजुरांत मराठी कामी येते, आणि छोटा उदेपूरकडच्या राठवा समाजात वडीलधाऱ्यांची राठवी बोली गुजराती येणाऱ्यालाही पटकन कळत नाही. दुभाष्याचे काम करणारा गावातला तरुण काय गाळतो आणि काय स्वतःचे घालतो, हे ओळखायला वेळ लागतो. अशा वेळी नोंदवहीत ‘अमुक जण म्हणाले’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक जण म्हणाले, असे दुभाष्याने सांगितले’ असे लिहिणे हा साधा प्रामाणिकपणा आहे आणि मार्गदर्शकांनी तो पहिल्या महिन्यातच अंगी बाणवायला हवा.

दोन्ही वाटा जिथे मिळतात

शाळेतल्या शिक्षकाला समाजकार्याचे आणि समाजकार्यकर्त्याला शाळेचे थोडे ज्ञान असल्याशिवाय आज भागत नाही. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे सांगितले आहे. त्या समितीच्या बैठकीत हातावर पोट असलेली आई बोलती व्हावी यासाठी लागणारे कौशल्य गटकार्याचे आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘शाळेचे नाव खराब होईल’ या भीतीने गप्प बसणारा शिक्षक मुलाचा घात करतो आणि स्वतःही कायद्यात सापडतो. त्या मुलाशी पहिल्यांदा कसे बोलावे, काय विचारू नये, कोणाला कळवावे, हे बी.एड.च्या विद्यार्थ्याने समाजकार्याच्या माणसाकडून शिकून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. दोन्ही विद्याशाखा एकाच गावात असताना त्यांच्या विद्यार्थ्यांची एकत्र बैठक घडवणे अवघड नाही.

दोन्ही पदव्या कराव्यात का, असेही काही जण विचारतात. शालेय समुपदेशनात शिरायचे असेल तर मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यासोबत शाळेचा अनुभव ही जोडी उपयोगी पडते, त्यासाठी बी.एड. केलेच पाहिजे असे नाही. मात्र आपल्याला कोणते काम जमेल हे ठरत नाही म्हणून एकामागून एक पदव्या करत जाणे चार वर्षांचा खर्च वाढवते. त्याऐवजी प्रवेशाआधी महिनाभर एखाद्या महानगरपालिकेच्या शाळेत किंवा संस्थेत रोज दोन तास मदतीला जावे. चाळीस मुलांसमोर उभे राहिल्यावर उत्साह वाढतो की एका घरात बसून ऐकताना मन लागते, हे त्या महिन्यात कळते.

महाविद्यालय निवडताना बी.एड.साठी एन.सी.टी.ई.ची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी. गुजरात तिच्या पश्चिम विभागीय समितीच्या अखत्यारीत येतो. फलकावरील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश २०२४ पासून जीकॅस या सामाईक व्यवस्थेतून होत असल्याने तिचे वेळापत्रक मे महिन्यापासून पाहत राहावे, कारण नोंदणीची मुदत निकालाच्या धांदलीतच निघून जाते. एम.एस.डब्ल्यू.साठी एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, चर्चेचा ठरलेला वार कोणता आणि गेल्या वर्षी विद्यार्थी कोणकोणत्या संस्थांत गेले, हे कार्यालयात लेखी विचारावे. आणि दोन्हीकडे, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून त्याची टाचणाची किंवा क्षेत्रकार्याची वही पाहायला मागावी: पानांच्या कडेला कोणीतरी हाताने काही लिहिले आहे का, की प्रत्येक पानाखाली फक्त सही आणि शिक्का आहे, हे पाच मिनिटांत दिसते.